चिकटपट्टी नको

[म्हार्दोळ, गोवा. श्रावणातली दुपार. पागोळ्यांचा आवाज. सोप्यावर सुपात जाईच्या कळ्या.]

निवेदन :

कळ्या संध्याकाळी उमलायच्या आत माळ झाली पाहिजे, म्हणून या घरची सून घाईत आहे. पण घाईतही बोटं कळीला देठाशीच धरतात. पाकळीला चिमटा बसला की तासाभरात तिथं तपकिरी डाग उमटतो.

आतल्या दारातून आजी येतात. वय 84. उंबरा ओलांडताना आधाराला हात पुढे करतात आणि मनगटाच्या वर दाराची कडी घासून जाते. आवाज नाही, ओरडणं नाही.

"काय नाय गो, सालटं गेलंय तेवढं."

[जवळून : आजींचा हात.]

खिळ्याला अडकून जुनं लुगडं फाटावं, तशी तीनकोनी फाटलेली कातडी. तिचा पापुद्रा एका कडेनं अजून जोडलेला आहे, बाकी गुंडाळून बाजूला सरकलाय. रक्त थेंबाथेंबानं येतंय. सुनेचा हात आपसूक फळीवरच्या डब्याकडे जातो. डब्यात कात्री, कापूस, पिवळं मलम आणि चिकटपट्ट्या.

इथं थोडं थांबू. ही फिल्म मुळात त्या चिकटपट्टीवर आहे.

माझ्या वडिलांच्या हाताला असंच लागलं होतं. मी पट्टी लावली, घट्ट, नीट चारही बाजूंनी. तिसऱ्या दिवशी ती एका झटक्यात ओढली, लहान मुलाची काढतात तशी. पट्टीबरोबर दोन बोटं रुंद कातडी आली. मूळची जखम नखाएवढी होती. पुढचे दीड महिने आम्ही पट्टीनं केलेली जखम बरी करत बसलो.

असं का होतं, ते घरबसल्या करून बघा. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवा आणि हात सरकवायचा प्रयत्न करा. सरकत नाहीत. तरुण कातडीचे वरचा आणि आतला असे दोन थर साधारण असेच गुंतलेले असतात. आता बोटं सोडवा आणि तळवे नुसते एकावर एक ठेवा. म्हातारपणी हे असं होतं. गुंतवण सपाट होते आणि जरा घासलं की वरचा थर निसटतो. कातडीला ताकद देणारं कोलॅजन मोठेपणी दर वर्षाला सुमारे 1 टक्का कमी होत जातं. वर्षानुवर्षांचं ऊन, दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी बराच काळ घेतलेली स्टेरॉइड्स यांनी त्यात भर पडते. आजींच्या हातावरचे ते जांभळे डागही त्यातलेच. आत केशवाहिनी फुटते, तिला आधार द्यायला भोवती पुरेसं काही उरलेलं नसतं.

आणि चिकटपट्टीचा डिंक? तो कातडीला जितका घट्ट धरतो, तितकं कातडीचे थर एकमेकांना धरत नाहीत. म्हणून ओढल्यावर डिंक जिंकतो.

[सून हात धुते. आजींचा हात उशीवर, छातीच्या उंचीला.]

"आई, हात वरच धरा हं. आणि बांगड्या काढते आधी."

बांगड्या आधी काढल्या हे बरं झालं. सूज आली की त्या रुततात. मग स्वच्छ धुतलेला सुती कपडा जखमेवर ठेवून दाब द्यायचा, पाच ते दहा मिनिटं, मध्ये उचलून न बघता. हे उचलून बघणं भल्याभल्यांना आवरत नाही. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर वेळ जास्त लागतो. पंधरा मिनिटं सलग दाबूनही रक्त थांबत नसेल, तर घरात न बसता दवाखाना गाठायचा.

रक्त थांबलं की धुणं. सलाईन असेल तर सलाईननं, नाहीतर पिण्याच्या स्वच्छ पाण्यानं, हळू धार सोडून. डेटॉल, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड यांतलं काही नको, ते जिवंत पेशीही जाळतात. हळद, कॉफीची पूड, दगडी पाल्याचा रस हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. राबणाऱ्या हाताच्या जाड कातडीनं ते निभावलं असेल, पण इथं पापुद्र्याखाली कण अडकले की काढायला पुन्हा घासावं लागतं. सुटा, कोरडा कापूसही नको, त्याचे तंतू जखमेत राहतात.

[अगदी जवळून : सलाईननं भिजवलेली कापसाची काडी.]

आता मुख्य काम. तो पापुद्रा कापायचा नाही. लोंबतोय, मेलेला दिसतोय म्हणून कात्री लावायचा मोह होतो. पण जखमेवर घालायला त्याच्याहून चांगलं पांघरूण कुठल्याही फार्मसीत मिळत नाही. गुंडाळून सुकला असेल तर ओलं गॉझ पाच-दहा मिनिटं ठेवून मऊ करायचा. मग काडीवर गुंडाळलेला कापूस ओला करून, किंवा हातमोजा घातलेल्या बोटानं, एका कडेकडून दुसरीकडे लोटत आणायचा. जेवढं येईल तेवढंच. ताणून कडा जुळवायच्या नाहीत.

सून आता ते करतेय. मघाचीच बोटं, मघाचाच धीमेपणा.

पापुद्रा पूर्ण बसला, अर्धा बसला की उरलाच नाही, यावरून परिचारिका अशा जखमांचे तीन प्रकार करतात. फोनवर सांगताना एवढं सांगितलं तरी त्यांना अंदाज येतो. टाके इथं सहसा घालत नाहीत, सुई आणि दोऱ्यानं कातडी आणखी फाटते.

वरून न चिकटणारं ड्रेसिंग. सिलिकॉनचं मिळालं तर उत्तम, थोडं महाग पडतं. नाहीतर पॅराफिन गॉझ, म्हणजे मऊ मेणानं माखलेली जाळी, त्यावर साधं गॉझ, आणि ते जागेवर ठेवायला मऊ बँडेजचे सैल वेढे. चिकटवायचं असेलच तर बँडेज बँडेजला, कातडीला कधीच नाही.

[पेनानं ड्रेसिंगवर बाण काढला जातो.]

हा बाण कशासाठी? पापुद्रा जिथं जोडलेला आहे, तिथून मोकळ्या कडेकडे तो दाखवतो. ड्रेसिंग त्याच दिशेनं काढायचं. उलटं काढलं तर बसवलेला पापुद्रा पुन्हा उचकटतो. शेजारी तारीखही लिहायची. सिलिकॉनचं ड्रेसिंग स्वच्छ राहिलं तर पाच-सात दिवस हात लावायचा नाही, पॅराफिन गॉझ मात्र सुकायच्या आत बदलावं लागतं. पापुद्रा काळा-निळा पडला, लाली पसरली, पू आला, ठणका वाढला, ताप आला तर वाट बघायची नाही. मधुमेह असेल, किंवा जखम नडगीवर असेल, तर सुरुवातीलाच डॉक्टर. धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही तेव्हाच विचारून घ्यायचं.

2011 च्या जनगणनेत गोव्यात शंभरात 11 जण साठीच्या वरचे होते. देशात केरळनंतर आपणच. कित्येक घरांत मुलं परदेशी, आणि डब्यातली पट्टी लावणारा हात शेजारणीचा.

आपल्या दमट हवेत कातडी कोरडी पडत नाही, असा एक समज आहे. म्हाताऱ्या कातडीला हवेचा ओलावा पुरत नाही. ऑस्ट्रेलियातल्या वृद्धाश्रमांतला एक अभ्यास 2014 साली प्रसिद्ध झाला. हातापायांना दिवसातून दोनदा मॉइश्चरायझर लावलेल्या गटात अशा जखमा जवळजवळ निम्म्यानं कमी झाल्या. अखंड कातडीवर खोबरेलही चालतं, पण पाय पुसल्याशिवाय चालू देऊ नका. चिऱ्याच्या पायरीवर तेल आणि शेवाळ एकत्र आले की वेगळीच फिल्म करावी लागेल. लांब बाह्या, मोजे आणि आपली कापलेली नखं एवढं केलं तरी बरंच टळतं. आणि म्हाताऱ्या माणसाला मनगट धरून उठवू नका, काखेखाली आणि पाठीला आधार द्या.

[सातवा दिवस. तोच सोपा.]

सिलिकॉनचं ड्रेसिंग सलाईननं भिजवलं. बाणाच्या दिशेनं, कातडीला समांतर, आडवं ओढत निघतंय. पापुद्रा जागेवर आहे. एका कोपऱ्यात गव्हाच्या दाण्याएवढी लाली, बाकी फिकट गुलाबी.

"झालं?" आजी विचारतात.

"अजून आठवडा तरी ड्रेसिंग ठेवूया, आई."

"मग चवथीला हात बोडका?"

सून सुपातल्या कळ्या बाजूला सारते, डब्यातून बांगड्या काढते आणि डाव्या हातातल्या सगळ्या उजव्या हातात चढवते. कडी मात्र त्याच दिवशी काढून टाकलेली आहे. दाराला आता सुतळी बांधलीय.