कोकम सरबत, जुनी सीडी आणि वणव्याचा धूर

हे येऊर, ठाण्याला लागूनचा जंगलाचा डोंगर. रात्रीचे साडेआठ, वर्तकनगरच्या आमच्या गच्चीवरून घेतलंय. डोंगरावर ती नारिंगी माळ दिसतेय ना, ती कुणाच्या लग्नाची लायटिंग नाही, वणवा आहे. फेब्रुवारी सरला की गवत वाळून नुसतं कडकडीत होतं आणि मग कोणीतरी पेटवतं. कोणीतरीच. मार्च महिन्यात ठाण्यात वीज कुठून पडणार?

आता हा लॅपटॉप बघा. जून २०२३, कॅनडाची जंगलं पेटली होती, न्यूयॉर्कचं आकाश भरदिवसा नारिंगी झालं होतं ते आठवत असेल. नकाशावरचा हा लाल पट्टा म्हणजे तेव्हाचा कार्बन मोनॉक्साइड, जो डोळ्याला दिसतही नाही आणि नाकाला कळतही नाही. मोजला कोणी, तर सेंटिनल-५पी नावाच्या युरोपच्या सॅटेलाइटने. २०१७ च्या ऑक्टोबरात सोडलेला, ८२४ किलोमीटरवरून फिरतो आणि त्याच्यावर यंत्र एकच, ट्रोपोमी.

पण एवढ्या वरून वायू मोजतात कसा? चला आमच्या किचनमध्ये. लाइट बंद. मोबाइलचा टॉर्च, एक जुनी सीडी आणि आईने केलेलं कोकम सरबत. टॉर्च सीडीवर मारला की भिंतीवर हे इंद्रधनुष्य. आता मध्ये सरबताचा ग्लास धरतोय. लाल आहे तसाच, पण हिरवा बघा, गेला! सरबताने खाल्ला. अजून थोडं आगळ ओततो, हिरवा अजून फिका. म्हणजे ग्लासात कोकम किती, हे तोंडही न लावता नुसत्या भिंतीकडे बघून सांगता येतं.

ट्रोपोमी हेच करतं. टॉर्चच्या जागी सूर्य. त्याचा उजेड हवेतून खाली येतो, जमिनीवर आपटून परत वर जातो आणि जाता-येता प्रत्येक वायू आपापला रंग खातो. नायट्रोजन डायऑक्साइड निळा-जांभळा खातो, फॉर्माल्डिहाइड अल्ट्राव्हायोलेट, आणि कार्बन मोनॉक्साइडची खायची जागा पार इन्फ्रारेडमध्ये, २.३ मायक्रोमीटरच्या आसपास. किती खाल्लं त्यावरून जमिनीपासून वरपर्यंतच्या हवेत किती रेणू आहेत ते काढतात. आपल्या नाकापाशी किती ते मात्र यातून थेट कळत नाही.

मला सगळ्यात भारी वाटलं ते हे की आग कशी जळतेय तेही वायूंवरून ओळखता येतं. ज्वाळा उठत असतील तर नायट्रोजनचे ऑक्साइड जास्त, नुसतं धुमसत असेल तर कार्बन मोनॉक्साइड जास्त. नायट्रोजन डायऑक्साइड काही तासांत संपतो म्हणून आगीच्या जवळच सापडतो, कार्बन मोनॉक्साइड आठवडेच्या आठवडे टिकतो म्हणून समुद्र ओलांडतो. आणि हा धूर गाड्यांचा की जंगलाचा असा वाद असेल तर हायड्रोजन सायनाइड शोधायचा, कारण तो मुख्यतः झाडपाला जळल्यावरच येतो. ते काम दुसऱ्या सॅटेलाइटवरचं आयासी नावाचं यंत्र करतं, सूर्याऐवजी जमिनीतून निघणाऱ्या उष्णतेवरून मोजतं म्हणून त्याला रात्रही चालते.

मग आमचं येऊर? हा आमच्या वणव्याच्या मार्चचा नकाशा. ट्रोपोमीचा एक चौकोन लहानात लहान म्हटला तरी ५.५ बाय ३.५ किलोमीटरचा, त्यात अर्धा डोंगर आणि अर्धी घोडबंदर रोडची ट्रॅफिक एकत्र कालवलेली. शिवाय ते येणार दुपारी दीडच्या सुमारास, आमची आग रात्रीची. आयासी साडेनऊला जातं खरं, पण त्याचा एक ठिपका १२ किलोमीटरचा, त्यात जवळजवळ अख्खं ठाणं मावतं. राहिला तो आगीची उष्णता पकडणारा, वेगळ्या सॅटेलाइटवरचा व्हिर्स, नजर चांगली, ३७५ मीटरची, पण तोही रात्री दीडला.

सोसायटीत दोन दिवस सगळे खोकत होते.

हे दुसऱ्या दिवशी सकाळचं. काळा उतार, कारवीचे खुंट, आणि ही पोरं. पाण्याचा बंब वर चढत नाही, ओल्या फांद्यांनी झोडपून झोडपूनच विझवावं लागतं. जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढून मोकळे ठेवलेले पट्टे, वेळेवर काढल्या असत्या तर एवढं झोडपावं लागलं नसतं, पण ते असो. याच्या चपलेचा तळ बघा, वितळून वाकडा झालाय. रात्री अकराला विझवून खाली उतरले, हात धुतले, वडापाव खाल्ला. दीडला सॅटेलाइट वरून गेला. नकाशावर त्या रात्री येऊरला एकही ठिपका नाही.