शब्द कोणाच्या संगतीत बसतो?

श्रोते हो, नमस्कार.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या कार्यालयातले एक वरिष्ठ सहकारी निवृत्त होत होते. कुणाचं काम अडलेलं दिसलं की स्वतःचं बाजूला ठेवून धावून जाणारा माणूस. त्यांचं मानपत्र इंग्रजीत करायचं ठरलं आणि ते लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. 'हेल्पफुल' हा शब्द मला फारच शाळकरी वाटत होता. हाताशी एक जुना कोश होता, त्यात धुंडाळता धुंडाळता 'ऑफिशिअस' सापडला. अर्थ दिला होता, मदतीला तत्पर. शिवाय शब्दात 'ऑफिस' ऐकू येत होतं. आणखी काय हवं? मानपत्रात मी ठोकून दिलं की हे आमच्यातले सर्वांत ऑफिशिअस गृहस्थ. वाचन झालं, टाळ्या पडल्या. ज्यांचं इंग्रजी बेताचं होतं त्यांनी जोरात वाजवल्या, ज्यांचं चांगलं होतं ते जमिनीकडे बघत होते. आजच्या इंग्रजीत ऑफिशिअस म्हणजे लुडबुड्या, नको तिथे नाक खुपसणारा, अंगात नसलेला अधिकार गाजवणारा.

आता कोश काही खोटं बोलत नव्हता. 1755 साली इंग्रजीचा गाजलेला कोश करणारे सॅम्युअल जॉन्सन, त्यांनी आपल्या दिवंगत मित्रावर कविता लिहिली, तिच्यात हाच शब्द अगदी कौतुकाने वापरलाय. म्हणजे मी चुकलो नव्हतो, फक्त दोनशे वर्षं उशिरा पोचलो होतो! मला शब्दाचा अर्थ मिळाला होता. तो शब्द हल्ली कुणाबरोबर उठतो-बसतो, ते मात्र मी विचारलंच नव्हतं. चार वाक्यं शोधून वाचली असती तरी कळलं असतं. ऑफिशिअस क्लार्क, ऑफिशिअस पहारेकरी, असल्याच मंडळींच्या गोतावळ्यात तो दिसला असता.

जे. आर. फर्थ नावाचे ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ होते. शब्द ओळखायचा तो त्याच्या संगतीवरून, असं त्यांनी 1957 साली लिहून ठेवलंय. आपण हे माणसांबद्दल म्हणतोच. इंग्रजीचे जरा वरच्या पायरीवरचे शब्द शिकताना मात्र आपण नेमकं उलटं करतो. शब्दाला त्याच्या घरातून उचलतो, यादीत एकटा उभा करतो, समोर एक 'बरोबर'चं चिन्ह काढतो आणि पुढे दुसरा शब्द लिहून मोकळे होतो. हे 'बरोबर'चं चिन्हच सगळ्या घोटाळ्याचं मूळ आहे, असं माझं मत आहे.

मराठीतच बघा. एखाद्याला 'तुम्ही सडपातळ आहात' म्हणा. दुसऱ्या दिवशी त्यालाच 'तुम्ही काटकुळे आहात' म्हणा. वजनकाटा दोन्ही दिवशी एकच आकडा दाखवील, समोरचा चेहरा नाही दाखवणार. इंग्रजीत 'थिन' हा त्यातल्या त्यात तटस्थ. 'स्लिम' आणि 'स्लेंडर' म्हटलं की माणूस खूश. 'लीन' म्हटलं की अंगावर चरबी नाही, पण ताकद आहे. 'स्किनी' म्हटलं की थोडी टिंगल. आणि 'गॉन्ट' म्हटलं की गालफडं बसलेली, डोळे खोल गेलेले, मागे कुठलंतरी आजारपण किंवा उपासमार. यादीत हे सगळे एकाच ओळीत गुण्यागोविंदाने नांदतात. वाक्यात आले की भांडतात.

इंग्रजीत एकाच गोष्टीला इतके शब्द का, याला थोडा इतिहास आहे. 1066 साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि दरबारात, न्यायालयात फ्रेंच भाषा बसली. पुढे विद्वानांनी लॅटिनमधून पोत्याने शब्द आणले. घरातले जुने शब्द होतेच. त्यामुळे तीन मजली घर झालं. 'आस्क' तळमजल्यावरचा, 'क्वेश्चन' फ्रेंचमधून आलेला, 'इंटरॉगेट' लॅटिनमधला. आई मुलाला 'आस्क' करते. पोलीस 'इंटरॉगेट' करतात. आईने इंटरॉगेट केलं असं कुणी लिहिलं, तर त्या घरात नक्की काहीतरी शिजतंय असं समजावं.

आपल्याला हे मजले नवे नाहीत. 'मदत' अरबी-फारसीच्या वाटेने आला, 'साहाय्य' संस्कृतातून. अर्थ एकच. पण बुडणारा माणूस 'साहाय्य करा, साहाय्य करा' असं ओरडताना ऐकलाय कधी? तसाच इंग्रजी माणूसही 'हेल्प' म्हणूनच ओरडतो, 'असिस्टन्स' अर्जात लिहितो. म्हणून एक करून बघा. नवा इंग्रजी शब्द भेटला की त्याचा मराठी अर्थ लिहून थांबू नका. तो बुडताना ओरडायचा आहे की अर्जात लिहायचा आहे, हेही टिपून ठेवा.

इथे रोजे यांच्याबद्दल सांगायला हवं. पीटर मार्क रोजे हे पेशाने डॉक्टर. त्यांनी 1852 साली आपला 'थिसॉरस', म्हणजे समानार्थी शब्दांचा कोश, छापला, आणि त्यात शब्दांची मांडणी वर्णानुक्रमाने नव्हे तर कल्पनांप्रमाणे केली. आपल्याकडे अमरकोशाने अशीच मांडणी त्याच्या कितीतरी शतकं आधी केली होती, तीही तोंडपाठ व्हावी म्हणून श्लोकांत, पण ते असो. थिसॉरस आहे तो ओळखीचा, पण ऐन वेळी न आठवणारा शब्द समोर आणण्यासाठी. पाहुण्यांच्या यादीत नाव बघितलं की 'अरे हो, हा!' म्हणतो ना, तसं. अनोळखी माणसाला त्या यादीतून उचलून थेट व्यासपीठावर बसवायचं नसतं. मी बसवला होता.

आता विरुद्धार्थी शब्दांकडे येऊ. माझ्या मते या सगळ्यात सर्वांत कमी वापरलं जाणारं हत्यार हेच. शाळेत आपण विरुद्धार्थी शब्द जोड्यांनी घोकले, आणि मनात बसलं की प्रत्येक शब्दाला एकच प्रतिस्पर्धी असतो. बरं, मग सांगा, 'डल' या शब्दाचा विरुद्धार्थी शब्द कोणता? मी क्षणभर थांबतो.

कुणी 'शार्प' म्हणालं असेल. सुरीबद्दल बोलत असाल तर बरोबर. कुणी 'ब्राइट' म्हणालं असेल. रंगाबद्दल असेल तर तेही बरोबर. विद्यार्थ्याबद्दल असेल तर 'क्लेव्हर'. आणि हे भाषणच डल वाटत असेल, तर त्याच्या उलट 'इंटरेस्टिंग'. शब्द एकच, पण त्याच्या समोर कोणाला उभं करता यावरून तो स्वतः कोण आहे ते कळतं. 'ओल्ड'च्या समोर 'न्यू' ठेवलात तर तो जुना, 'यंग' ठेवलात तर म्हातारा. म्हणून शब्दाचा अर्थ नक्की होत नसेल, तर 'इथे याच्या उलट काय?' असं विचारावं. बऱ्याचदा गाठ तिथेच सुटते.

याची खरी परीक्षा 'सँक्शन' या शब्दावर होते. तो आपल्या अगदी बोलण्यातला. रजा सँक्शन झाली, कर्ज सँक्शन झालं. आणि मग बातमी वाचतो, अमुक देशावर सँक्शन्स. मंजुरी मिळाली म्हणून आनंद करावा, तर तिथे अर्थ निघतो निर्बंध! एकच शब्द परवानगीही देतो आणि शिक्षाही. 'ओव्हरसाइट' तसाच. समितीचं काम ओव्हरसाइट, म्हणजे देखरेख. पत्रात 'ड्यू टू ॲन ओव्हरसाइट' आलं, तर ती नजरचूक. देखरेखही तीच आणि देखरेखीतून निसटलेलं तेही तेच. इथे कुठलीही यादी कामाची नाही, वाक्यच निवाडा करतं.

उपसर्गांवरही डोळे मिटून भरवसा ठेवू नका. 'इनफ्लेमेबल' म्हणजे न पेटणारं नव्हे, चटकन पेटणारं. 'इनव्हॅल्युएबल' म्हणजे कवडीमोल नव्हे, अनमोल. 'डिसइंटरेस्टेड' म्हणजे, निदान काळजीने लिहिणाऱ्यांच्या लेखी, निःस्वार्थी, निःपक्षपाती. कंटाळलेल्याला 'अनइंटरेस्टेड' म्हणतात. न्यायाधीश पहिला असावा, दुसरा नसावा.

आता संदर्भ. पेन्सिल असेल तर घ्या, नसेल तर नुसतं ऐका. वाक्य असं: 'ऑल्दो ही वॉज युज्वली टॅसिटर्न, दॅट ईव्हनिंग ही टॉक्ड विदाउट अ पॉज.' टॅसिटर्न म्हणजे काय, माहीत नाही असं धरू. पण 'ऑल्दो' काय सांगतो? वाक्याचे दोन तुकडे एकमेकांच्या उलट आहेत. 'युज्वली' काय सांगतो? ही त्याची नेहमीची वृत्ती. आणि त्या संध्याकाळी तो अखंड बोलला. म्हणजे एरवी? अबोल. घुमा म्हणा हवं तर. कोश न उघडता तुम्ही अर्थ गाठलात, आणि तोही विरुद्धार्थाचं बोट धरून. 'ऑल्दो', 'बट', 'अनलाइक', 'इन्स्टेड' हे शब्द वाक्याच्या बिजागऱ्या आहेत. अवघड शब्दाकडे टक लावून बसण्याआधी या बिजागऱ्या शोधा.

पण संदर्भ म्हणजे रामबाण उपाय, असं सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. 'ही गेव्ह अ परफंक्टरी नॉड.' त्याने मान डोलावली, इतकंच कळतं. कशी? आनंदाने, रागाने, आदराने, काहीही बसतं. खरा अर्थ आहे उरकून टाकल्यासारखी, करायची म्हणून. अशा ठिकाणी अंदाज बांधून पुढे गेलात, तर चुकीचा अर्थ पक्का होतो आणि तो काढणं नवा शिकण्यापेक्षा अवघड. आधी अंदाज, मग कोश, आणि मग तोच शब्द आणखी दोन-तीन वाक्यांत. हा क्रम सोडू नये.

परीक्षा घेणाऱ्यांनाही हे उमगलेलं दिसतं. अमेरिकेत कॉलेज प्रवेशासाठी घेतात त्या एसएटी परीक्षेतून नुसत्या विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न 1994 साली गेले, आणि पदवीनंतरच्या प्रवेशासाठीच्या जीआरईमधून ऑगस्ट 2011 मध्ये. जीआरईत त्या जागी वाक्यं आली. एक प्रकार तर फार सुंदर आहे. वाक्यात एक गाळलेली जागा, खाली सहा शब्द, त्यांतले असे दोन निवडायचे की दोन्हींनी वाक्याचा अर्थ सारखाच राहील. गंमत अशी, की एकमेकांचे समानार्थी असलेले, पण त्या वाक्यात न बसणारे दोन शब्दही त्यात मुद्दाम पेरलेले असतात. यादी पाठ केलेला बरोबर तिथेच अडकतो. हा खेळ घरीही खेळता येतो. वर्तमानपत्रातलं एक इंग्रजी वाक्य घ्या, त्यातला एक शब्द झाका, तिथे काय काय बसेल ते लिहा आणि मग लेखकाने जो ठेवलाय तोच का ठेवला, यावर वाद घाला. वादाला जोडीदार असला तर उत्तम, नसला तर स्वतःशीही चालतो. मी चालवतो.

एक धोका मात्र सांगतोच, कारण शिकवणारेही त्यात फसतात. नवे समानार्थी शब्द एकाच दिवशी, एकाच बैठकीत शिकू नयेत. न्यूझीलंडचे पॉल नेशन यांनी शब्दसंग्रहाच्या अभ्यासात हयात घालवली, तेही हेच सांगतात. अर्थाने जवळचे किंवा उलटे नवे शब्द एकत्र आले की एकमेकांच्या पायात पाय घालतात. 'इंजिनिअस' म्हणजे कल्पक आणि 'इंजेन्युअस' म्हणजे भाबडा, हे दोन एकाच सकाळी शिकून बघा, संध्याकाळी कोण कोण ते आठवणार नाही. त्यापेक्षा एक आधी मुरू द्या, दुसरा पंधरा दिवसांनी आणा. नवा शब्द नेहमी जुन्या, ओळखीच्या शब्दाच्या खुंटीला टांगावा. दोन नव्या शब्दांना एकमेकांच्या खुंट्या करू नये, दोन्ही पडतात.

मुरण्याबद्दल फार सांगत नाही. हर्मान एबिंगहाऊस यांनी 1885 मध्येच दाखवलं की शिकलेलं पहिल्या काही तासांतच भराभर गळतं, आणि अंतर ठेवून पुन्हा आठवलं की टिकतं. माझी वही साधी आहे. डाव्या पानावर वाक्य, शब्दाच्या जागी रेघ. उजव्या पानावर शब्द, खाली त्या वाक्यापुरता विरुद्धार्थी, आणि शेजारी ज्याच्याशी घोटाळा होईल असा एक समानार्थी, त्यापुढे फरक चार शब्दांत. 'टॅसिटर्न'च्या पुढे लिहिलंय: 'रेटिसंट – स्वतःबद्दल सांगायला नाखूष, टॅसिटर्न मुळातच कमी बोलतो.' डावं पान बघायचं, उजवं हाताने झाकायचं. झाली उजळणी.

वेळ संपत आली, तेव्हा जाता जाता एक खेळ. तोही रेडिओवरचाच. 1948 साली बीबीसीच्या एका कार्यक्रमात बर्ट्रांड रसेल यांनी क्रियापद चालवतात तसं एक विशेषण चालवून दाखवलं. मी 'फर्म', तू 'ऑब्स्टिनेट', आणि तो 'पिग-हेडेड' मूर्ख. वागणं तिघांचं एकच! मी ठाम, तू हट्टी, तो अडेलतट्टू. समानार्थी शब्दांतला फरक यापेक्षा कमी वेळात कुणी शिकवला असेल असं मला वाटत नाही. तर चला. मी 'थ्रिफ्टी', तुम्ही जरा 'टाइट-फिस्टेड', आणि तो 'मायझर'. जमतंय? मग हा दुसरा घ्या. मी 'क्युरिअस', तुम्ही 'इन्क्विझिटिव्ह', आणि तो...

तिसरा शब्द तुम्ही शोधा. मी एकदा मानपत्रात वापरलेला चालेल, पण त्याहून नेमका एक आहे. नमस्कार.