खांबाच्या पायथ्याचा हत्ती

(पडद्यावर नुसता काळा दगड. हळूहळू आकार उमटतो.)

हत्ती. त्याच्या पायाखाली घोडा. फोटोतून एवढंच कापून दाखवलं तर वाटतं, भिंतभर कोरलेलं काहीतरी असणार.

(चौकट मागे सरते.)

हा खांबाचा तळ. हा मंडप. आणि हे तांबडी सुर्लचं महादेवाचं देऊळ, सह्याद्रीच्या पायथ्याशी, कदंबांच्या काळातलं, १२व्या-१३व्या शतकातलं. गोव्यात जिकडेतिकडे जांभा, हे मात्र काळ्या बसाल्टचं. लोक पिंडीला हात जोडून निघतात. हत्ती पाहायचा तर वाकावं लागतं.

देवळाच्या अख्ख्या फोटोत हा हत्ती तिळाएवढा. म्हणून देवळावरच्या लेखात फोटोतून कापून काढलेला तपशील हवाच. पण नुसता हत्ती छापला की देऊळ हरवतं. आधी पूर्ण खांब, त्यावर बारीक चौकट आणि शेजारी त्या चौकटीतला हत्ती. फोटोओळीत जागा लिहा: ‘मंडपातल्या खांबाचा तळ’. ‘मंदिरातील सुंदर शिल्प’ ही ओळ कुठल्याही देवळाला चालते, म्हणून ती इथे नको.

(दुसरीकडची एक तांबडी-पांढरी भिंत.)

कावीकाम, म्हणजे भिंतीवरची तांबडी-पांढरी नक्षी. दुरून वाटतं, रंगवलंय. जवळ जा. तांबडा थर खरवडलाय, खालचा पांढरा चुना उघडा पडलाय. ओरखड्याची ही कड दाखवली की कुंचल्याचा प्रश्नच उरत नाही. इथे कापलेला तुकडा शोभेला नाही, पुराव्याला आहे.

आता हिशेब. १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे साधारण ४००० बाय ३००० ठिपके. रुंदीचा चौथा भाग ठेवला तर १००० उरतात. छपाईला इंचामागे ३०० धरले तर जेमतेम सव्वातीन इंच. पानभर ताणाल तर सोंड धुरकट होणार. त्यापेक्षा परत जा, वाका आणि जवळून फोटो काढा.

(संगणकाचा पडदा.)

आणखी एक. वर्डमध्ये कापलेला भाग जात नाही, नुसता झाकला जातो. फाइल ज्याच्या हाती पडेल, तो कड ओढून सगळं पाहू शकतो. चित्रं ‘कॉम्प्रेस’ करताना कापलेला भाग काढून टाकायचा पर्याय असतो, तो निवडायचा.

आमच्या या फोटोत खांबाआड एक बाई डोळे मिटून बसल्या होत्या. त्यांना चौकटीबाहेर ठेवलं. फाइल पाठवण्याआधी, झाकलेल्या भागातूनही.