साधना कट

नमस्कार मैत्रिणींनो, आणि ऐकणाऱ्या सगळ्यांनाच. आज मला साधनाबद्दल बोलायचंय. साधना शिवदासानी, १९४१ ला कराचीत जन्मलेली आणि फाळणीनंतर घरच्यांबरोबर मुंबईत आलेली सिंधी मुलगी, पुढे हिंदी सिनेमाची हिरॉईन झालेली.

१९६० ला 'लव्ह इन सिमला' आला. दिग्दर्शक आर. के. नय्यरना तिचं कपाळ पडद्यावर फार रुंद वाटत होतं, म्हणून ऑड्री हेपबर्नसारखे पुढचे केस कापून कपाळावर सोडले. बस्स, एवढंच. कपाळ झाकायची युक्ती होती हो ती, आणि अख्ख्या देशातल्या मुली आरशासमोर कात्री घेऊन उभ्या राहिल्या!

आमच्या जुन्या अल्बममध्ये आत्याचा फोटो आहे, नऊवारीतल्या आजीशेजारी उभी, दोन घट्ट वेण्या आणि कपाळावर साधना कट. शिवणाच्या कात्रीने स्वतःच कापलेले, आजी दोन दिवस बोलली नव्हती म्हणे. मला यातलं सगळ्यात भारी काय वाटतं तर याला खर्च शून्य. हिरॉईनच्या साड्या, दागिने कुठून आणणार, पण कात्री घरोघरी असते, आणि मागची वेणी जशीच्या तशी राहते, म्हणजे केस कापले पण आणि नाही पण.

मग १९६५ चा यश चोप्रांचा 'वक्त'. त्यात साधनाचे ते अंगाबरोबर बसणारे कुर्ते आणि चुडीदार, आणि ते कपडे केले भानू अथैयांनी, आपल्या कोल्हापूरच्या भानू राजोपाध्ये, ज्यांना पुढे 'गांधी'साठी ऑस्कर मिळालं, ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय! चुडीदार काही नवा नव्हता, जुनाच कपडा. शिवणाऱ्या बायकांना माहितीये, त्याचं कापड उरेप, म्हणजे तिरकं कापावं लागतं, मग ते ताणलं जातं, पायाला घट्ट बसतं आणि घोट्यावर बांगड्यांसारख्या चुण्या पडतात. पण साधनाने तो घातला आणि कॉलेजच्या मुलींना वाटलं, हे आपलं आहे. साडी न नेसता, स्कर्ट न घालता मॉडर्न दिसता येतं, बसच्या मागे पळताही येतं. आज कुर्ता आणि लेगिंग घालून ऑफिसला निघतो ना आपण, मला त्यात तीच दिसते.

एक राहिलंच, तिचा 'मेरा साया' आपल्या मराठी 'पाठलाग'वरून केलेला. असो.

नंतर आजारपणामुळे ती लोकांसमोर फारशी आली नाही, २५ डिसेंबर २०१५ ला मुंबईत गेली. त्या संध्याकाळी आत्याने तोच फोटो आम्हा सगळ्या भाच्यांना पाठवला. खाली लिहिलं होतं, "मी, कॉलेजचं पहिलं वर्ष, साधना कट."