झाकण मिटल्यावर रजिस्टरांचं काय होतं?

नाशिकरोडला पंचवटी एक्सप्रेसमध्ये बसून लॅपटॉपचं झाकण मिटलंत आणि इगतपुरी गेल्यावर उघडलंत, तर अर्धवट लिहिलेली ओळ जशीच्या तशी समोर असते. रॅमची वीज चालूच होती, त्यामुळे यात नवल नाही. नवल आहे ते आवाज आणि वायफाय परत येण्यात. त्यांच्या चिपची वीज बऱ्याचदा पूर्ण जाते, रजिस्टरं, म्हणजे सेटिंग ठेवणारे चिपच्या आतले छोटे कप्पे, कोरी होतात. ती पुन्हा भरतो ड्रायव्हर, म्हणजे त्या चिपला चालवणारा प्रोग्राम. सातपूर-अंबडच्या कारखान्यांसाठी बोर्ड बनवायची ज्यांची इच्छा आहे, त्यांना उद्या हे काम स्वतःच करावं लागेल, म्हणून आज हा विषय घेतला.

झोपण्याआधी सगळी रजिस्टरं वाचून ठेवू, उठल्यावर लिहून टाकू, असं पहिल्यांदा कुणालाही वाटतं. ते चालत नाही. काही रजिस्टरांत फक्त लिहिता येतं, वाचायला गेलं तर हाती काही लागत नाही. इंटरप्टची (चिपनं प्रोसेसरला दिलेल्या हाकेची) काही स्टेटस रजिस्टरं वाचताक्षणीच पुसली जातात. काहींत 1 लिहिला की ते बिट साफ होतं. तिथे जुनी किंमत परत लिहिलीत, तर नुकताच आलेला इंटरप्ट गमावून बसाल. म्हणून माझं ठाम मत आहे, की हार्डवेअरला विचारत बसू नये. आपण त्याला काय सांगितलं होतं, याची नोंद ड्रायव्हरनं पहिल्या दिवसापासून स्वतःजवळ ठेवावी. लिनक्समधली रेगमॅप ही ड्रायव्हरांसाठीची सोय हेच करते. लिहिलेली किंमत कॅशमध्येही (मेमरीतल्या नोंदीतही) उतरते, आणि उठल्यावर कॅशवर ‘डर्टी’, म्हणजे चिपशी आता जुळत नाही, अशी खूण करून सिंक केलं की सेटिंग चिपमध्ये परत जातं.

नोंद असली तरी क्रम चुकून चालत नाही. पीसीआय या जोडणीवरच्या उपकरणाच्या कॉन्फिगरेशन स्पेसचे (सेटिंगच्या रजिस्टरांचे) पहिले 64 बाइट लिनक्स जपून ठेवतं, पण परत लिहिताना शेवटाकडून सुरुवातीकडे येतं. उपकरणाचा मेमरीतला पत्ता ठरवणारी बेस ॲड्रेस रजिस्टरं आधी, कमांड रजिस्टर नंतर. मेमरीचे व्यवहार सुरू करणारं बिट कमांडमध्ये असतं. ते आधी लावलं, तर पत्ता ठरण्यापूर्वीच उपकरण भलतीकडे उत्तर देऊ लागेल. उपकरणांमध्येही असंच: झोपताना कीबोर्ड आधी, त्याचा यूएसबी कंट्रोलर नंतर, उठताना उलट. आणि वायफायचं फर्मवेअर, म्हणजे चिपमध्ये भरायचा प्रोग्राम, डिस्कवर असेल, पण डिस्कच अजून उठली नसेल तर? कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ते झोपण्याआधीच मेमरीत आणून ठेवू शकतं.

उठताना मशीन गोठलं तर फार पंचाईत होते. स्क्रीन काळी, लॉग डिस्कपर्यंत पोचलेला नाही. इथे लिनक्सच्या पीएम-ट्रेसची युक्ती मला मनापासून आवडते. पीसीतलं बॅटरीवर चालणारं घड्याळ रीबूटनंतरही टिकतं, म्हणून कर्नल प्रत्येक टप्प्यावर तारीख-वेळेच्या जागी एक हॅश, म्हणजे त्या टप्प्याची आकड्यातली खूण, लिहून ठेवतं. लगेच रीबूट केलंत, तर कोणत्या उपकरणापाशी गाडं अडलं असावं, याचा माग लॉगमध्ये मिळतो. घड्याळ मात्र नंतर पुन्हा लावावं लागतं.

पीएम-टेस्ट ही झोपणं-उठणं तपासायची लिनक्सची सोयही वापरा, पण त्यावर विसंबू नका. त्यात ‘डिव्हायसेस’ हा पर्याय निवडला, की उपकरणं झोपवून साधारण 5 सेकंदांनी उठवली जातात. सिस्टीम मात्र खरी झोपत नाही. चिपची वीज गेलीच नसेल, तर रजिस्टरं शाबूत राहतात आणि काहीही परत न लिहिणारा ड्रायव्हरसुद्धा पास होतो. तुमच्या बोर्डवर त्या चिपचा रेग्युलेटर (वीज पुरवणारा भाग) खरोखर बंद करून बघा, आणि ते एकदा करून थांबू नका.