डिस्क मापून घ्या

नमस्कार, श्रोतेहो.

बेळगावहून येताना चोर्ल्याचा घाट उतरून केरीला पोचलात की पुढच्या चाकांजवळ करपल्यासारखा वास येतो, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांचा असेल. त्या वासाचा हिशेब सोपा आहे. हजार किलोची गाडी ताशी 60 किलोमीटरच्या वेगावरून एकदा थांबवली की ब्रेकमध्ये जेवढी उष्णता तयार होते, त्याच्या साधारण पस्तीसपट उष्णता तीच गाडी पाचशे मीटर उंची नुसत्या ब्रेकवर उतरवताना तयार होते. म्हणून घाटात दुसरा गिअर ठेवायचा आणि बराचसा भार इंजिनावर टाकायचा. आणि ही उष्णता सोसते कोण? चाकामागची ती लोखंडी तबकडी, म्हणजे डिस्क, आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारे पॅड.

पॅड झिजतात हे सगळ्यांना माहीत असतं. डिस्कही झिजते, याकडे मात्र सहसा कुणाचं लक्ष जात नाही. गॅरेजमध्ये गाडी लावली की दोनपैकी एक गोष्ट घडते. एक तर जुन्या, चरे पडलेल्या डिस्कवर नवे पॅड बसवून गाडी परत मिळते, किंवा न मापताच "डिस्क गेली, बदलावी लागेल" असं सांगितलं जातं. माझं आग्रहाचं सांगणं एवढंच की दोन्ही वेळा आधी माप मागा.

डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या टोपीसारख्या भागावर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. समजा नवी डिस्क 22 मिलिमीटरची आहे आणि किमान आकडा 20 आहे. म्हणजे झिजायला मिळतात फक्त दोन मिलिमीटर, दोन्ही बाजू मिळून. त्याखाली गेलेली डिस्क लवकर तापते, तिला तडे जाऊ शकतात. मापताना एक फसगत होते. पॅड जिथे घासतात तो पट्टा झिजतो आणि बाहेरची कड तशीच उभी राहते. जाडी मापायचा व्हर्नियर लावला की तो त्या कडेवरच टेकतो आणि डिस्क ठणठणीत असल्याचं दाखवतो. उपाय असा: कडेच्या आत, झिजलेल्या पट्ट्यावर, दोन्ही बाजूंना एकेक सारखं नाणं धरा, नाण्यांसकट माप घ्या आणि नाण्यांची जाडी वजा करा. मायक्रोमीटर असेल तर याची गरज नाही.

पॅडचं मसाल्याचं अस्तर तीन मिलिमीटरवर आलं की बदलायचं. रिमच्या फटीतून डोकावून दिसतो तो बाहेरचा पॅड. आतला मात्र अनेकदा जास्त झिजलेला असतो, कारण कॅलिपर, म्हणजे पॅड धरून डिस्कवर दाबणारा भाग, ज्या पिनांवर सरकतो त्या गंजून आखडतात. आपल्याकडे हे फार होतं. समुद्राची खारी हवा, त्यात चार महिन्यांचा पाऊस. डिस्क बिडाची असते, रात्रभर पावसात उभ्या गाडीच्या डिस्कवर सकाळी तांबूस थर दिसतो. तो पहिल्या दोनचार ब्रेकांत निघून जातो, त्याची काळजी नको. पण मुंबईला किंवा परदेशात असणाऱ्या मुलांची गाडी घराच्या अंगणात आषाढापासून चतुर्थीपर्यंत जागची हलत नाही, तिच्या डिस्कवर पॅडखालची जागा खड्डे पडल्यासारखी खाल्ली जाते. तशी गाडी चतुर्थीला बाहेर काढण्याआधी चाकं खोलून बघा.

आता काम नीट झालं की नाही हे कसं ओळखायचं? काम चालू असताना गाडीजवळ उभं राहा. जुनी डिस्क निघाल्यावर आतला हब, म्हणजे डिस्क ज्यावर बसते तो भाग, दिसतो. त्यावर गंजाचे पोपडे असतात. ते तारेच्या ब्रशने, पॉलिश पेपरने पार घासून काढायला हवेत, नाहीतर नवी डिस्क केसभर तिरकी बसते. सुरुवातीला काही कळत नाही. काही हजार किलोमीटरनंतर ती कमीजास्त जाडीने झिजते आणि ब्रेक मारताना पेडल थरथरू लागतं. मग "डिस्क वाकली" म्हणून दुकानदाराला दोष दिला जातो. दोष असतो त्या न घासलेल्या गंजाचा.

कॅलिपर काढल्यावर तो ब्रेकच्या होजवर, म्हणजे ऑइलच्या रबरी नळीवर, लोंबकळत ठेवू देऊ नका, तारेने वर बांधायला सांगा. पिनांना रबराला चालणारं ब्रेकचंच ग्रीस लागतं. साध्या ग्रीसने पिनांवरचे रबरी बूट, म्हणजे टोप्या, फुगतात. कॅलिपरमधला पॅड दाबणारा पिस्टन मागे ढकलताना ब्रेक ऑइलची बाटली भरून वाहू शकते, आणि ते ऑइल रंगावर पडलं तर रंग उठतो. ते हवेतलं पाणीही शोषतं. डॉट 4 जातीचं कोरं ऑइल 230 अंशांच्या खाली उकळत नाही, पाणी मुरलं की ही हमी 155 वर येते. घाटात ऑइल उकळून पेडल अचानक मऊ पडतं ते यामुळे. आपल्या दमट हवेत दर दोन वर्षांनी ऑइल बदललेलं बरं.

पॅड आणि डिस्क नेहमी जोडीने, म्हणजे एका अ‍ॅक्सलच्या, पुढच्या किंवा मागच्या, दोन्ही चाकांना बदलायच्या. नाहीतर ब्रेक मारताच गाडी एका बाजूला ओढते. नव्या डिस्कवर तेलाचा पातळ थर असतो, तो ब्रेक क्लीनरने पुसल्याशिवाय पॅड बसवायचे नाहीत. ब्रेकची काळी धूळ हवेच्या पाइपने उडवू देऊ नका, श्वासात जाते.

गाडी ताब्यात घेतल्यावर जागेवरच पेडल दाबत राहा, ते कडक होईपर्यंत. पिस्टन मागे गेलेले असतात, पहिलं दाबणं पोकळ जातं, आणि गॅरेजच्या दारातच धडक बसू शकते. नंतर मोकळ्या रस्त्यावर पन्नास-साठच्या वेगावरून दहापर्यंत, पूर्ण न थांबता, मध्यम दाबाने आठ-दहा वेळा ब्रेक लावा. मध्ये थोडं अंतर चालवून डिस्क निवू द्या. गरम डिस्कवर पेडल दाबून उभं राहू नका, पॅडचा मसाला एकाच जागी चिकटतो. पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोराचा ब्रेक टाळा, घाटात तर जाऊच नका, आणि शंभर किलोमीटर झाले की चाकांचे नट पुन्हा एकदा आवळून घ्या.