चतुराची काडी

श्रोतेहो, नमस्कार. पावसानं उघडीप दिली की मी कॅमेरा घेऊन भाताच्या बांधावर जाऊन बसते. चतुरांचे फोटो काढायला. पहिली दोन वर्षं मी त्यांच्या मागे धावले आणि हाती फक्त रिकाम्या गवताचे फोटो आले. मग एक गोष्ट ध्यानात आली. पुष्कळ जातींच्या चतुरांची एक ठरलेली काडी असते. माशी किंवा डास दिसला की तिथून झेप घ्यायची, हवेतच तो पकडायचा आणि परत त्याच काडीवर येऊन बसायचं. म्हणजे आपण चतुर शोधायचा नाही, काडी शोधायची.

तो उडाला की दोन पावलं पुढे सरकायचं. परत आला की जागच्या जागी थांबायचं, श्वाससुद्धा हळू घ्यायचा. त्याच्या एकेका डोळ्यात हजारो बारीक भिंगं असतात, त्यामुळे हललेला हात त्याला ताबडतोब कळतो. आपली सावली त्याच्यावर पडली तर खेळ संपलाच. म्हणून खाली बसून, जवळजवळ रांगतच जायचं. चिखलाचे कपडे धुता येतात.

वेळ पहाटेची उत्तम. रात्रीच्या गारव्यानं त्याचं अंग आखडलेलं असतं, पंखांवर दव असतं. उडण्याआधी तो पंख थरथरवून स्नायू तापवून घेतो. ती थरथर दिसली की समजावं, आता फार वेळ नाही. भर दुपारी मात्र काही जाती शेपूट थेट सूर्याकडे उभी करून बसतात. ऊन अंगावर कमीत कमी पडावं म्हणून. शीर्षासन केल्यासारखा तो फोटो मला फार आवडतो.

आता थोडं तंत्राचं. कीटक कॅमेऱ्याच्या सेन्सरवर त्याच्या खऱ्या आकाराएवढा उमटवायचा, तर मॅक्रो लेन्स, म्हणजे अगदी जवळून फोटो काढायची लेन्स, एफ ११ वर, म्हणजे तिचं छिद्र बरंच बारीक ठेवूनही जेमतेम दीड मिलिमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो. डोळा स्पष्ट, तर शेपूट धूसर. त्यावर उपाय म्हणजे कॅमेरा त्याच्या अंगाला समांतर धरणं. फ्लॅशपुढे मी साधा बटर पेपर लावते, नाहीतर डोळ्यांवर पांढरे डाग येतात. मोबाइलवर चिमट्यानं बसणारी भिंगं मिळतात, त्यांनीही सुरुवात करता येते. आणि फोटो फक्त वरून काढू नका. छातीच्या बाजूचे पट्टे आणि शेपटीच्या टोकाचे बारीक चिमटे दिसले, तरच बऱ्याच जाती नक्की ओळखता येतात.

एक कळकळीची विनंती. कीटक हलू नये म्हणून काही जण त्याला फ्रीजमध्ये ठेवून गार करतात, मग फांदीवर बसवून फोटो काढतात. कृपा करून असं करू नका. पाण्यातून बाहेर येऊन नुकतीच कात टाकलेल्या चतुराला तर बोटही लावू नका. त्याचे पंख तेव्हा ओल्या कागदासारखे मऊ असतात. दुमडले तर कायमचे वाकडे होतात, आणि उडता आलं नाही तर त्याला शिकारही मिळत नाही.

हे मी बोलते, पण लहानपणी मीच चतुराच्या शेपटीला दोरा बांधून तो उडवलाय. भाद्रपदात माळावर थव्यानं फिरणारे ते पिवळसर चतुर. संध्याकाळपर्यंत ते मरून जायचे. पुढे कधीतरी वाचलं, की हीच जात ऑक्टोबरच्या सुमारास मालदीवच्या बेटांवर मोठ्या संख्येनं येते. त्या बेटांवर चतुरांची पिल्लं वाढतील असं गोडं पाणी जवळजवळ नाही. सागरी जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी या नोंदी वर्षानुवर्षं ठेवल्या आणि २००९ मध्ये मांडलं, की हे चतुर भारताकडून वाऱ्याच्या साथीनं समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेकडे जात असावेत. दोन इंचांचा जीव!

हा चतुर काडी धरून बसत नाही, दिवसभर हवेतच असतो, म्हणून त्याचा फोटो सर्वात अवघड. माझ्याकडे एकच बरा आहे. गेल्या आश्विनात, दिवेलागणीला, करवंदीच्या फांदीखाली तो उभा लटकून विसावला होता. मी तीन फोटो काढले आणि मागच्या मागे सरकले. सकाळी फांदी रिकामी होती.